कोपऱ्यातल्या खाटेचे तास

या परक्या देशात नवऱ्याचं ऑफिस हार्बरफ्रंटला आणि माझ्याकडे दुपार मोकळी, म्हणून बिशानजवळच्या एका शुश्रूषागृहात मी स्वयंसेवकांची वही सांभाळायला लागले. तिथे एक तमिळ अंकल यायचे. पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचे; हृदयाच्या दुखण्यामुळे काम सुटलं आणि सरकारी मदतीवर घर चालू लागलं. ज्यांचं कुणी नाही अशा शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांपाशी ते आठवड्यातून तीन दुपारी नुसते बसत.

एकदा ते माझ्या टेबलाशी आले. "मदतीच्या ऑफिसातल्यांनी विचारलं, हे जमतं तर नोकरी का नाही जमत? पत्र हवंय. काय करतो, किती तास, पैसे मिळतात का."

मी वही उघडली. प्रत्येक भेटीपुढे तारीख, वेळ आणि रुग्णाचा अंगठा. तास मोजता मोजता हात थांबला. गुरुवारी तीन ते पाच, कोपऱ्यातली खाट, निळा अंगठा. त्या खाटेवरचे आजोबा बुधवारी सकाळीच गेले होते. गादी काढून नेताना मी तिथेच उभी होते. मागची पानं चाळली, तर अशा आणखी दोन भेटी सापडल्या.

"अंकल, गुरुवारी तिथे कोण होतं?"

"तेच होते," ते म्हणाले. "पहिला दिवस त्यांना समजत नाही. कुणीतरी बसावं लागतं."

"आणि अंगठा?"

"मी फक्त वही पुढे धरतो."

ते चेष्टा करणारे नव्हते. त्या तीन भेटी गाळून मी पत्र लिहिलं: बसून सोबत करतात, उचलायचं काम नाही, मोबदला नाही.

मदत चालू राहिली. तसं सांगायला ते आले, तेव्हा मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "पत्रात सहा तास कमी भरले. विचारत होते."

"ऑफिसातले?"

"नाही," म्हणाले आणि वॉर्डकडे वळले.

कोण, हे विचारायचा धीर मला झाला नाही. सहा महिन्यांनी मदतीची पुन्हा तपासणी आली, पुन्हा पत्र हवं होतं. तास जास्त दिसले तर अंकलची मदत जाईल, ही भीती होतीच. तरी या खेपेला मी एकही भेट गाळली नाही. मदत गेली नाही. शिक्का मारताना मात्र मी वॉर्डच्या दाराकडे पाठ करून बसले होते.