वीणाकाकूंची फोन-डायरी

वीणाबाई खांबेट्यांना डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, आणि त्यातला एक पोस्टमन. गणपतीत भेटणारी मराठी मंडळी धरली तर आकडा जरा फुगतो. पण ती वर्षातून एकदाच दिसतात, “एकदा याच आमच्याकडे” म्हणतात आणि पत्ता न सांगता गाडीत बसतात. औषधांच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी नवऱ्याने, हरीशरावांनी, त्यांना इकडे आणलं, घर घेतलं, आणि चार वर्षांपूर्वी एका सकाळी बूट घालता घालता ते गेलेच. मुलगी रेवा ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिचा रविवारी फोन यायचा. “आई, यू ग्रँड?” ती इकडच्या बोलीत विचारायची, बरी आहेस ना अशा अर्थी, आणि बाई “ग्रँड” म्हणायच्या. दुसरं काही म्हटलं तर लेक काळजी करणार, आणि काळजी करायला तिला वेळ कुठे होता?

म्हणून छपन्नाव्या वर्षी बाईंनी नोकरी धरली, तीही फेईलूमध्ये.

फेईलू ही चिनी कंपनी. मोबाइलवर बोट टेकवलं की गाडी दारात, हा तिचा धंदा. सुरुवात म्हणे एका भाड्याच्या खोलीत झाली. मग तिने तिकडचे सगळे प्रतिस्पर्धी एकेक करून गिळले आणि दहा वर्षांत मेक्सिकोपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हातपाय पसरले. ऑस्ट्रेलियात रात्र असते तेव्हा आयर्लंडमध्ये दिवस, हे ध्यानात घेऊन त्यांनी डब्लिनच्या बाहेर एक ऑफिस थाटलं. अ‍ॅडलेडच्या कुणा बाईने रात्री गाडीत घाबरून लाल बटण दाबलं, की इकडे भर दुपारी कुणीतरी हेडफोन लावून तिच्याशी बोलायचं. त्या कुणीतरीचं काम वीणाबाईंना मिळालं. प्रवाशांसाठी त्यांचं नाव ठरलं व्हिकी. आईबापांनी इतकं सुरेल नाव ठेवलं त्याचं हे झालं, पण बाईंनी ते हसून घेतलं.

नियम असा होता की प्रवासी सुखरूप आहे असं कळलं की फोन बंद. बाईंना ते जमेना. घाबरलेल्या माणसाला अर्ध्या वाटेत सोडायचं? आपल्याकडे पाहुणा एसटीत बसला तरी तो घरी टेकल्याचं कळेपर्यंत कुणी जेवत नाही. मग बाई अर्ध्या तासाने ऑफिसच्याच यंत्रणेतून पुन्हा फोन लावायच्या आणि पोचलात का, विचारायच्या. हळूहळू दुसऱ्या आठवड्यातही विचारायला लागल्या. प्रवाशांनी कंपनीला कौतुकाची पत्रं लिहिली. मयूर हा बाईंचा टीम लीडर, पुण्याचा, वयाने रेवाएवढा. तो हरखून म्हणाला, “काकू, तुमचं रेटिंग बघितलंत का? शांघायवाल्यांनी मला मेल केलाय. काय ते करताय ते करत राहा, बस.”

करत राहायचं तर लक्षात ठेवायला हवं. बाईंकडे त्यांची जुनी फोन-डायरी होती. सांगलीच्या एका पतसंस्थेने दिवाळीत वाटलेली, निळ्या रेक्झिनची, कडेला अ आ इ ई कापलेली. पंचवीस वर्षं सगळं गणगोत तिच्यात होतं. बाईंनी तिच्यातच प्रवासीही लिहायला घेतले. नाव आलं की नंबर आलाच, तो समोर पडद्यावर दिसायचाच. शेजारी बारीक अक्षरात गुडघा, कुत्रं, सुनेशी भांडण. सगळं देवनागरीत, आकडेसुद्धा मराठी. ऑफिसात कुणाला वाचता येणार होतं? त्यात काही गैर आहे असं बाईंच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. डायरीत नाव लिहिणं म्हणजे माणूस आपला मानणं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

‘ड’च्या पानावर डोरीन होती. अ‍ॅडलेडच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात भांडी धुणारी, साठीच्या पुढची, एकटी. लग्न नाही, मूल नाही. मंगळवारी तिची पाळी रात्री अकराला सुटायची आणि डब्लिनमध्ये तीन वाजता बाई तिला फोन करायच्या. दीड वर्षं एक मंगळवार चुकला नाही. डोरीन पायातले मोजे काढत बोलायची. एकदा म्हणाली, “व्हिकी, तुझा फोन येईपर्यंत मी दिवा मालवत नाही.” त्या दिवशी बाई बसऐवजी चालत निघाल्या आणि तीन थांबे तशाच चालल्या. आपल्यासाठी जगात कुणीतरी दिवा ठेवतं, या आनंदाचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

मग फेईलूचे दिवस फिरले. घाई करून तिने अमेरिकेत शेअर विकायला काढले. चीनच्या सरकारने आधी थांबा म्हटलं होतं, ते मालकांनी कानाआड केलं. आठवडा उलटायच्या आत चौकशी लागली. लोक कुठे जातात, कुणाशी काय बोलतात, ही माहिती तुम्ही किती गोळा केली आणि कुठे ठेवली, ते दाखवा. चीनमधल्या मोबाइलांवरून अ‍ॅप काढून टाकलं गेलं, जबर दंड बसला, आणि परदेशातली ऑफिसं महिन्याभरात आवरायचा हुकूम निघाला. डब्लिनच्या ऑफिसात कंपनीकडून तपासणीला लिन नावाची मुलगी आली. तिशीची, शांत, कार्डिगनची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. कंपनीच्या यंत्रणेबाहेर प्रवाशांची काही माहिती तुमच्याकडे आहे?

मयूरने बाईंना पॅन्ट्रीत गाठलं. “काकू, डायरीचं बोलूच नका. मराठीत आहे ना? कोणाला कळतंय. अदरवाइज उगाच लफडं होईल.”

“अरे, पण आहे ना माझ्याकडे,” बाई म्हणाल्या. “नाही कसं म्हणू?”

“मग मी काही पाहिलं नाही,” म्हणून मयूरने हात वर केले.

बाईंनी डायरी लिनसमोर ठेवली. लिनने ती उलटसुलट पाहिली आणि वाचून दाखवायला सांगितलं. प्रवाशांचं पान निघालं की ते फाडायचं, बाकीची डायरी बाईंची. मग एका दुपारी, काचेच्या खोलीत, बाई अ पासून वाचायला बसल्या.

“हा कोण?”

“माझे मोठे दीर. वारले.”

“ही?”

“मैत्रीण, शाळेतली. नंबर बदललाय. नवा नाही माझ्याकडे.”

“हा?”

“हा पर्थचा. याच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं होतं.”

लिनने ते पान काढून घेतलं. असं चाललं होतं. क, ग, च. वारले, लागत नाही, परदेशी गेली, वारल्या. मध्येच एखादा जिवंत नंबर यायचा आणि तो फाडला जायचा. ‘ज’पर्यंत लिनच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने पेन खाली ठेवलं आणि बाईंना पाणी आणून दिलं. बाईंना आजवर ते दिसलं नव्हतं. त्यांच्या डायरीत फोन उचलणारी माणसं म्हणजे रेवा आणि एक्केचाळीस प्रवासी, बाकी सगळी पानं नुसती जपलेली होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून लाज वाटली, की हे परक्या मुलीसमोर उघडं पडलं.

“हिला माझं खरं नावसुद्धा माहीत नाही,” ‘ड’चं पान देताना त्या म्हणाल्या. लिनने मान हलवली, पान घेतलं आणि कागदाच्या चिंध्या करणाऱ्या यंत्रात घातलं. प्रवाशांची कोणतीही माहिती कोणत्याही स्वरूपात माझ्याकडे उरलेली नाही, अशा कागदावर बाईंनी सही केली.

ती सही खोटी होती. डोरीनचा नंबर बाईंना तोंडपाठ होता. त्यांच्या पिढीला नंबर पाठ होतात, ते यंत्रात घालता येत नाहीत.

ऑफिस शुक्रवारी बंद झालं. मंगळवारी सकाळपासून बाईंनी घर पुसलं, प्रेस, म्हणजे इकडचं भिंतीतलं कपाट, उघडून कप पुन्हा लावले, दोनदा चहा केला. तीन वाजायला आले. तिकडे डोरीन घरी पोचली असेल, दिवा ठेवून वाट बघत असेल. नाव नसलेल्या माणसासारखं तिच्या आयुष्यातून निघून जायचं? एकदाच फोन करायचा, खरं नाव सांगायचं, आपला नंबर द्यायचा. मग तिला वाटलं तर ती करील. बाईंनी आपल्या मोबाइलवरून नंबर लावला.

दुसऱ्या घंटीला तिने उचलला. “कोण?”

“डोरीन, मी. व्हिकी.”



“आवाज तुझाच आहे,” डोरीन म्हणाली. “पण कंपनीचा मेसेज आलाय. आमची माहिती बाहेर गेली म्हणे. आता तिथून कुणीच फोन करणार नाही, केला तर बोलू नका म्हणून. हा नंबर तर परदेशातला दिसतोय. माझा नंबर तुझ्याकडे कसा?”

“मी लिहून ठेवला होता.”

“आणि काय काय लिहिलंस?”

पाळीची वेळ, घराचा रस्ता, मागच्या दाराची बिघडलेली कडी, सगळंच लिहिलेलं होतं. प्रेमानेच लिहिलं होतं, पण ते आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

“हे बघ,” डोरीनचा आवाज बारीक झाला, “मी एकटी नाहीये. माझा मुलगा आलाय. इथे बाहेरच्या खोलीतच आहे.”

वीणाबाईंना ठाऊक होतं, डोरीनला मूल नाही. ती भीत होती. घाबरलेल्या बायका अनोळखी माणसाला काय सांगतात ते त्यांनी दीड वर्षं रोज ऐकलं होतं.

“छान झालं,” त्या म्हणाल्या. “त्याला सांगा, दार नीट लावून घे.”

आणि तिची भीती एक क्षणही लांबू नये म्हणून त्यांनी स्वतःच फोन ठेवला. आपलं नाव सांगायचं राहूनच गेलं.