चंद्रप्पाचं कपाट

धरणेंद्र मगदुमाला निपाणीत कुणी ग्रंथपाल म्हणत नसे. पेठेतल्या वाचनालयाची चावी त्याच्या कमरेला, म्हणून तो चावीवाला. आणि कुणाला अगदीच मान द्यायची हुक्की आली तर चावीवाले आप्पा. अहो, एकवीस वर्षं हा माणूस सकाळी सातला कुलूप काढतोय, फाटक्या पुस्तकांच्या पाठी खळीनं चिकटवतोय, कसर लागू नये म्हणून कपाटांतला कडुनिंबाचा पाला बदलतोय, आणि गावाला दिसली काय, तर चावी! गावाचंही बरोबर होतं म्हणा. गाव यायचं ते वर्तमानपत्रासाठी. आधी तंबाखूचे भाव, मग लढाई, आणि पान उलटून झालं की टोपी झटकून माणूस उठलाच. कपाटांकडं मान वळवणारे बोटावर मोजण्याइतके होते.

घर म्हणाल तर वाचनालयाच्या मागची एक खोली आणि तिच्यात चूल. आईवडील लवकर गेले, आणि पुस्तकं राखणाऱ्याला मुलगी द्यायला कुणी पुढं आलं नाही. एकदोन ठिकाणी बोलणी झाली, ती बोलणीच राहिली. जैनाचं जेवण दिवस मावळायच्या आत, आणि वाचनालयात गर्दीची वेळ नेमकी तीच. म्हणून तो चारलाच भाकरी खाऊन घ्यायचा, एकटा, भिंतीकडं तोंड करून. अंथरुणावर पडल्यावर कधी कधी त्याच्या ध्यानात यायचं, की आज दिवसभरात आपण 'सही करा' आणि 'उद्या या' याशिवाय कुणाशी काही बोललोच नाही.

बोलायला एक माणूस होता कधीकाळी. चंद्रप्पा उपाध्ये, सदलग्याचा, तंबाखूच्या वखारीत कारकून. पगार हातात पडला की आधी पुस्तक, मग खानावळ. झाडपाल्यावरची, ताऱ्यांवरची, प्रवासाची, मराठी, कानडी, जे मिळेल ते. वखार सुटली की अंगाला तंबाखूचा वास घेऊनच वाचनालयात यायचा आणि दोघं दिवे लागेपर्यंत बोलत बसायचे. एक खोड मात्र वाईट होती, पानाचा कान दुमडायचा. धरणेंद्र चिडायचा, दुमडलेलं पान नखानं सरळ करायचा, आणि दुसऱ्या दिवशी चंद्रप्पा मुद्दाम दोन पानं दुमडून आणायचा. त्यानंच कुठंसं वाचलं होतं, की पुस्तकं राखायचंही शिक्षण असतं, बडोद्याकडं त्याचे वर्ग चालतात, परीक्षा असते, वर प्रमाणपत्र. "धरणा, आपण दोघं जाऊया," म्हणाला. "परत आल्यावर तुला चावीवाला म्हणायची कुणाची छाती होतीय बघू." त्या वर्षी विषमज्वर आला आणि चंद्रप्पा चोविसाव्या वर्षी गेला.

त्याची आई राजाबाई सदलग्याहून बैलगाडीत पुस्तकं घेऊन आली. एकशे बारा. सोबत नवं कपाटही, दारावर मुलाचं नाव रंगवून घेतलेलं. तशी वाचनालयात नावाची कपाटं होतीच. ज्यानं पुस्तकं दिली त्याचं कपाट, त्यावर त्याची पाटी, आणि त्याची पुस्तकं त्यातच राहणार, ही तिथली पहिल्यापासूनची रीत. ज्योतिष आणि पाकशास्त्र एकाच फळीवर नांदायचं, कारण दोन्ही एकाच शेटजींच्या घरून आलेली. पुस्तक हवं असेल तर त्याचं नाव माहीत असून भागत नसे, ते कुणी दिलं हे माहीत असावं लागे. आता हे माहीत कुणाला? एका धरणेंद्राला.

राजाबाईला अक्षरओळख नव्हती. पण दरवर्षी श्रुतपंचमीला ती यायची. त्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जुन्या पोथ्या बाहेर काढतात, झाडतात, नव्या फडक्यात बांधतात आणि त्यांची पूजा करतात. सदलग्याची पूजा आटोपली की ती सर्व्हिस मोटारीनं निपाणीला यायची, हातात कोरं फडकं. धरणेंद्र एकेक पुस्तक काढायचा, ती पुसायची. मग बाकावर बसून म्हणायची, वाच. आणि तो एकशे बारा पुस्तकांची नावं वाचून दाखवायचा. ती डोळे मिटून ऐकायची. शेवटी एकच प्रश्न, "सगळी हाईत न्हवं?" आणि त्याचं एकच उत्तर, "सगळी हाईत, अव्वा." त्या घरात आईला अव्वा म्हणायचे, तोही तेच म्हणायला लागला होता. वर्षातला तेवढा एक दिवस त्याच्याकडं कुणीतरी आलेलं असायचं.

सोळा वर्षं असं चाललं. मग १९४५च्या आरंभी पुण्यात ग्रंथपालांसाठी वर्ग निघाल्याची बातमी त्यानं वाचली आणि बाकावर बसूनच राहिला. वय पंचेचाळीस, शिक्षण मराठी सातवी. तरी अर्ज केला. कमिटीचे अध्यक्ष मारुतीराव, तंबाखूचे बडे व्यापारी. ते हसले, कुलूप उघडायला पुण्याला जाऊन शिकावं लागतंय व्हय, म्हणाले, पण सोडलं. सहा आठवडे धरणेंद्र निम्म्या वयाच्या मंडळींबरोबर बसला. संध्याकाळी खानावळीत ताट यायचं ते दिवे लागल्यावर, म्हणून रोज फुटाणे आणि केळी. त्यांच्या थट्टेत तो नव्हता आणि फिरायलाही कुणी बोलावलं नाही. पण वर्गात काय सुख होतं! पुस्तकाला विषय असतो, विषयाला क्रमांक, क्रमांकाला जागा. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड. आंधळ्यानंही मागावं आणि ग्रंथपालानं हात घालून काढून द्यावं. वर्षानुवर्षं आपण एकटेच जे डोक्यात वाहत आलो ते असं मांडून ठेवता येतं, हे पाहून त्याला रडू यायचं बाकी होतं.

लेखी परीक्षेत तो पास झाला. राहिलं प्रात्यक्षिक. सहा महिन्यांत आपलं वाचनालय या पद्धतीनं लावायचं, परीक्षक येऊन बघणार, आणि मग प्रमाणपत्र. बस्स, एवढंच उरलं होतं.

गावी परतला आणि झपाटल्यासारखा कामाला लागला. अकरा कपाटं रिकामी केली. कमिटीत बोंब होईल असं त्याला वाटलं होतं. कसली बोंब! शेटजी लोकांनी एवढंच विचारलं, की दारावरची नावाची पाटी राहतीय न्हवं? राहतीय म्हटल्यावर आत पुस्तकं आहेत की उंदीर, याची कुणाला फिकीर नव्हती. चंद्रप्पाचं कपाट त्यानं सगळ्यात शेवटी उघडलं. झाडपाल्याची पुस्तकं वनस्पतींत गेली, ताऱ्यांची खगोलात, कानडी वेगळ्या कपाटात. हात क्षणभरही अडखळला नाही. उलट, चंद्रू असता तर खूश झाला असता, असंच त्याला वाटत होतं. कार्डं लिहिण्याच्या नादात ज्येष्ठ लागल्याचंही त्याला कळलं नाही. बस्तीतला घंटानाद ऐकून जन्म गेला, आणि हा माणूस श्रुतपंचमी विसरला.

दुपारी राजाबाई दारात उभी राहिली. हातात कोरं फडकं.

सवयीनं ती सरळ कपाटापाशी गेली. दारावर नाव तेच, पण आत सगळे जाडजूड कायद्याचे ग्रंथ. तिला वाचता येत नव्हतं, पण सोळा वर्षं पुसलेली पुस्तकं हाताला कळत नाहीत होय? तिनं एक काढलं, परत ठेवलं, दुसरं काढलं. मग वळून विचारलं, "माझ्या पोराची पुस्तकं कुठं गेली रं?"

धरणेंद्रानं सगळं समजावून सांगितलं. विषय, क्रमांक, कार्ड. आता ती लोकांना सापडतील, वाचली जातील, चंद्रूलाही हेच हवं होतं. ती मान डोलवत होती. मग तो तिला फिरवून दाखवायला लागला. ही बघा, इथं सात आहेत. ती वाकली, सातही पुसली, हात जोडले. पलीकडच्या कपाटात चार. खालच्या फळीवर एकच. प्रत्येक ठिकाणी ती वाकायची, पुसायची, हात जोडायची. पाचव्या कपाटापाशी तिचे गुडघे वळेनात. ती जमिनीवरच बसली.

त्यानं घाईघाईनं कार्डांचा खण आणला. चंद्रूच्या सगळ्या पुस्तकांची कार्डं काढून एकत्र लावली आणि तिच्या मांडीवर ठेवली. एकशे बाराच्या एकशे बारा, बघा अव्वा. तिनं कार्डांवरून बोटं फिरवली.

"ह्या चिठ्ठ्या हाईत रं," ती म्हणाली. मग गठ्ठा त्याच्या हातात परत देऊन म्हणाली, "तू शिकून आलास, तुझं बरोबरच असंल. पण ह्यो एका जागी बसला हुता. आता मी कुणाला भेटू?"

त्या वर्षी तिनं नावं वाचायला सांगितली नाहीत. पाच वाजताच्या मोटारीनं ती परत गेली.

धरणेंद्र बाकावर बसला. समोर एक पुस्तक पडलं होतं, त्यानं उगाच उघडलं, तर पानाचा कान दुमडलेला. आणि मग त्याला असं भरून आलं की विचारू नका. ज्यानं हे वेड लावलं, आयुष्यात जो एकच आपल्याशी बोलला, त्यालाच आपण दहा कपाटांत वाटून टाकलं, आणि वर खूश झालो! चंद्रप्पा गेला तेव्हा तो रडला नव्हता, चारचौघांत रडायची लाज वाटली होती. आता बघायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकशे बारा पुस्तकं त्यानं हुडकून काढली आणि पुन्हा एका कपाटात लावली, पहिल्यासारखीच. सदलग्याला पत्र टाकलं, की तो आपल्या जागी बसलाय, पुढच्या वर्षी या.

श्रावणात परीक्षक आले. सभ्य माणूस. दहा कपाटं बघून त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, एवढ्याशा गावात असं काम बघितलं नव्हतं, म्हणाले. मग अकरावं उघडलं. वनस्पती, तारे, प्रवास, कानडी, सगळी सरमिसळ. कुठल्या विषयाचं कपाट, असं त्यांनी विचारलं. धरणेंद्रानं राजाबाईची हकिगत सांगितली. ती ऐकून घेऊन परीक्षक म्हणाले, "मगदूम, वाचनालय हे स्मारक नसतं. एवढं एक कपाट मोडा आणि मला कार्ड टाका. मी पुन्हा यायचंही कारण नाही. उलट टपाली प्रमाणपत्र पाठवतो."

मोडलं, म्हणून खोटंच कळवलं असतं तरी कोण बघायला येणार होतं? पण ते त्याच्या हातून होणारं नव्हतं. म्हातारी आहे तोवर राहू दे, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण म्हणजे आपण वाट कशाची बघणार? मारुतीराव भेटतील तिथं विचारायचे, आलं का तुझं सर्टिफिकेट, का कुलपानं नापास केलं? तो हसून पुढं जायचा.

पुढच्या श्रुतपंचमीला राजाबाई आली, काठी टेकत. पुस्तकं पुसली, नावं ऐकली, विचारायचं ते विचारलं. जाताना त्याच्या तोंडावरून हात फिरवला, वाळलास रं, म्हणाली. माघात सदलग्याहून पोस्टकार्ड आलं, राजाबाई गेली. खाली पुतण्यानं लिहिलं होतं, की त्या कपाटाचं आता तुम्हाला काय करायचं ते करा, आमचं काही म्हणणं नाही.

आता अडवणारं कुणी नव्हतं. तरी चार महिने त्यानं ते दार उघडलं नाही. सत्तेचाळीसच्या ज्येष्ठात बस्तीतली घंटा ऐकू आली, तेव्हा तो उठला. त्या एकशे बारा कार्डांचा गठ्ठा आणि परीक्षकांना पाठवायचं पोस्टकार्ड, दोन्ही टेबलावर काढून ठेवलं. आज मोडायचंच. दोन वर्षं अडून राहिलेला तो कागद भिंतीवर लावायचा, म्हणजे मरताना तरी आपण ग्रंथपाल असू. बाहेर लोक वर्तमानपत्राभोवती गोळा झाले होते, देश मोकळा होणार म्हणून जोरजोरात बोलत होते. आत कुणी नव्हतं.

पुस्तकं काढायची तर आधी पुसायला हवीत, म्हणून त्यानं फडकं घेतलं. पुसता पुसता सवयीनं नाव वाचलं. मग दुसरं. मोठ्यानं वाचायची गरज नव्हती, पण तो मोठ्यानंच वाचत होता, रिकाम्या बाकाकडं बघत, सावकाश, मधे न थांबता. एकशे बारावं वाचून झालं. नेहमीसारखा तो थांबला. कुणी काही विचारलं नाही.

"सगळी हाईत, अव्वा," तो म्हणाला.

मग पुस्तकं होती तशी आत ठेवून त्यानं दार लावलं, चावी कमरेला अडकवली, आणि पोस्टकार्डावर परीक्षकांना लिहिलं, की अकराव्या कपाटात बदल होणार नाही, तरी माझ्या प्रमाणपत्राची तसदी घेऊ नये.