आबा मोजे रात्री का घालत होते

मी दत्तात्रय शिंदे, बी.कॉम., साखर कारखान्यात भांडारपाल. घरात कोणाच्या पायाच्या शिरा फुगल्या असतील, तर आजचा बारामतीचा अनुभव त्यांच्या उपयोगी पडावा, म्हणून लिहीत आहे.

माझे चुलते आबा यांच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या आणि त्यामुळे घोट्याजवळ झालेली जखम चार महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे मीच आणून दिले होते.

आज बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आबांना विचारले, "मोजे घालता ना?"

"व्हय की, रोज झोपताना घालतो. सकाळी उसाला पाणी द्यायला जाताना काढतो. एवढं महागाचं मोजं चिखलात कशाला न्यायचं?"

डॉक्टर हसले. "आबा, उलटं केलंत. उभं राहिल्यावर रक्त पायात साचतं, म्हणून ते दिवसाच घालायचे."

सोनोग्राफीनंतर त्यांनी खराब शीर लेसरने बंद करण्याचा सल्ला दिला. त्याने पाय अधू होईल, ही आबांची भीती होती. रक्त इतर चांगल्या शिरांतून जाते आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो, हे ऐकून आबा म्हणाले, "मग सोमवारीच उरका."

मी समाधानाने परतलो. मात्र मोज्यांचे माप मी दोनदा तपासले होते. ते कधी घालता, हे एकदाही विचारले नव्हते. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना आपण विचारले आहे का?

आपला,
दत्तात्रय शिंदे
भवानीनगर, ता. इंदापूर
शनिवार, सायंकाळ