जाऊबाईंचा पाला

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या घरी पालासुद्धा माझ्यापेक्षा चांगला सडतो.

हे मला नववीच्या विज्ञानाच्या सरांकडून कळलं. माझी पूर्वा आणि जाऊबाईंची तन्वी एकाच वर्गात. सरांनी पोरांना कांद्याच्या गोणीच्या जाळीच्या पिशव्या शिवायला लावल्या, त्यांत सारख्याच वजनाचा वाळका पाला भरला आणि घरामागं पुरायला सांगितलं. काही दिवसांनी उकरायचं, वजन करायचं, किती कुजला ते बघायचं. ज्याचा सगळ्यांत जास्त कुजेल, त्याचा नमुना विज्ञान प्रदर्शनाला जाणार. कोल्हारात आमची दोन घरं शेजारी आणि परसही एकच. मधे फक्त कर्दळीची रांग. पलीकडे तन्वीची पिशवी, अलीकडे पूर्वाची.

पहिल्या तपासणीला सर आले. तन्वीचा पाला निम्मा झालेला! पूर्वाचा जसाच्या तसा. (इस्त्री केल्यासारखा.)

"वा! काय जिवंत माती आहे!" सर म्हणाले.

"आमच्याकडं गांडुळं लई हायेत," जाऊबाई पदर सावरत म्हणाल्या.

झालं! आधीच ह्यांचं दही घट्ट, ह्यांची भाकरी टम्म, सासूबाईंचा मुक्काम कायम ह्यांच्याकडे (ती एक गोष्ट मी आनंदानं सोडली होती). आता गांडुळंही ह्यांचीच! त्या दिवशी मला घास गेला नाही.

दुसऱ्या सकाळपासून मी कामाला लागले. कुणी उठायच्या आत अलीकडच्या खड्ड्यावर तांब्याभर ताक ओतलं. मग गुळाचं पाणी. मग शेणकाला. मग डोशाचं उरलेलं आंबट पीठ! नवरा म्हणाला, "आगं, मला चहाला गूळ न्हाई आन् मातीला पंचामृत?"

"तुमी गप बसा. पोरीच्या भविष्याचा प्रश्न हाय!"

शेवटच्या तपासणीला सगळा वर्ग परसात जमला. सरांनी अलीकडचा खड्डा उकरला. असा वास सुटला, की पुढची पोरं मागं आणि मागची थेट रस्त्यावर! पिशवीत पाला नव्हताच. नुसता काळा चिखल. माझी छाती फुगली.

"तन्वी, तुझा पाला तर पार संपला!" सर ओरडले.

"तन्वीचा?" मी किंचाळलेच.

"मम्मी, सरांनी मागंच पिशव्यांच्या जागा बदलायला लावल्या होत्या," पूर्वा म्हणाली. "फरक पाल्याचा का मातीचा, ते बघायला. तुला सांगितलं होतं की!"

(सांगितलं असेल. मी तेव्हा गांडुळांवर जळत होते.)

सर चक्रावले. "पण इकडची माती तर मंद होती. कोणी काही घातलंय का यात?"

मी आभाळाकडे बघितलं. जाऊबाई मात्र कौतुकानं पुढं आल्या. "आवो सर, आमची शैला रोज पहाटं ताक घालती! मी खिडकीतनं बघते ना. पुतनीवर लई माया हाय तिची!"

सरांचा चेहरा पडला. "मग हा नमुना बाद. प्रदर्शनाला पूर्वाचा जाईल."

तन्वी मुसमुसायला लागली. जाऊबाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरलं.

"शैले," त्या म्हणाल्या, "मुद्दाम केलंस व्हय?"

सगळा वर्ग नाक दाबून माझ्याकडे बघत होता. खरं सांगावं, तर मी बावळट. गप्प बसावं, तर कपटी. मी क्षणभर विचार केला आणि गप्प बसले. कपटाला निदान डोकं तरी लागतं!