जिनिंगमधला वाकवलेला पाइप

शेठजींनी टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. माझा सर्व्हिस रिपोर्ट त्यांच्या मुनीमजींनी आधीच लिहून ठेवला होता. इंधन शुद्ध डिझेल, चूक ऑपरेटरची. फक्त माझी सही बाकी होती. ऑपरेटर भाऊराव गणवीर दाराशी उभा होता. सही झाली की नोकरी जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी एका इंजिन कंपनीचा मेकॅनिक, मुक्काम सौंसरला. जवळच्या पांढुर्ण्यात वीज गेली की जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं, डिझेल इंजिनावर चालायची. तिथल्या शेठजींचं इंजिन वर्षभरातच, गॅरंटीत असतानाच, बिघडलं होतं. इंधनात भेसळ निघाली तर ती गॅरंटी जाणार होती.

मी पेन टेबलावर ठेवलं आणि आधी इंजिन दाखवा म्हणालो.

सुरू करायला लावलं, तर मिनिटभरात डोळ्यांतून पाणी. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. हा करडा, दाट होता आणि वास भज्यांच्या कढईचा. इंजिन बंद करून नोझल काढलं. डिझेलचा बारीक फवारा मारणारा हा भाग. त्याचं तोंड करपलेल्या भांड्यासारखं झालं होतं.

शेठजी बाहेर गेल्यावर भाऊराव बोलला. "आठ महिने झाले, सरकीच्या तेलाचा गाळ टाकून राहिले जी, रॉकेलात पातळ करून. मी नाही म्हटलं तं मलेच म्हणते, तुले इंजिन चालवता येत नाही."

शेठजींची तेलाची मिलही होती. टाकीच्या तळाला राहिलेला गाळ कुणी घेत नव्हतं, तो फडक्यातून गाळून इंजिनात चालला होता. लबाडी मला नवी नव्हती. माझं डोकं फिरलं ते पाइप बघून. धुराचा पाइप छपरातून वर जायला हवा. इथे तो कापून खोलीतच कोपऱ्याकडे वळवला होता. का, तर वरून काजळी अंगणातल्या कापसावर पडायची आणि व्यापारी भाव पाडायचे. कापूस पांढरा ठेवायला सगळा धूर भाऊरावाच्या छातीत सोडला होता. थुंकी बी काळी येऊन राहिली, असं तो खोकत सांगत होता, तेही मान खाली घालून, जणू गुन्हा त्याचाच.

नागपूरला कंपनीच्या साहेबांना फोन लावला. जुनं गिऱ्हाईक आहे, सही कर आणि ये, म्हणाले. मी विचारलं, "कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे इंजिन नीट बसवून मग सही केली तर चालेल?" त्याला नाही कसं म्हणणार?

वेल्डर बोलावला. पाइप सरळ छपराबाहेर काढला, नवं नोझल बसवलं, आणि इंधन शेठजींच्याच गाळाच्या ड्रममधलं भरलं. इंजिन सुरू केलं. थोड्याच वेळात कापसावर काळे ठिपके दिसायला लागले. शेठजी चप्पल न घालता धावत आले.

"बंद कर, माल खराब होऊन राहिला."

"धूर तोच आहे, शेठजी. आठ महिने हा माणूस पिऊन राहिला, तेव्हा नाही धावले तुम्ही."

मी एरवी असा बोलत नाही. त्या दिवशी बोललो आणि आजही मला त्याचा पस्तावा नाही. तासाभरात चांगल्या डिझेलचा ड्रम आला. टाकी धुऊन भरली, धूर विरळ झाला, कापसावर ठिपके पडायचे थांबले. मुनीमजींचा कागद फाडून मी माझा रिपोर्ट लिहिला. गाळाच्या तेलाचं नाव घालून लिहिला. साहेबांनी मला मेमो दिला.

भाऊरावाची नोकरी राहिली. खोकलाही राहिला. शेठजी मात्र पुढे भेटेल त्याला सांगायचे, या मेकॅनिकनं माझा कापूस वाचवला.

तेव्हापासून कुठलंही इंजिन बघायला गेलो की धुराचा रंग मी नंतर बघतो. आधी बघतो, तो कुणाच्या तोंडावर सोडलाय.