दफेदारकाकांची पोच

दफेदारकाकांनी काहीही आणून दिलं की ते दारातून हलत नसत. काकूंनी पाठवलेला वाटीभर साखरभात असो, की पोस्टमनने चुकून त्यांच्याकडे टाकलेलं आमचं पत्र, ताठ उभे राहून म्हणत, "पोच?" आईने "मिळालं हो, भावोजी" म्हटल्याशिवाय स्वारी माघारी फिरत नसे. एकदा मी थट्टेने नुसतीच मान हलवली. "असं नाही चालायचं, सुमन," ते म्हणाले, "मुंडी तर बकरीपण हलवते. तोंडाने बोल."

ग्वाल्हेरच्या संस्थानी फौजेत ते मोटारसायकलवरून खलिते पोचवत. संस्थान विलीन झालं, फौजेची नव्याने निवड झाली आणि उजव्या डोळ्याने कमी दिसतं म्हणून काकांना घरी बसवलं. त्यांची गाडीही त्याच सुमारास भंगारात निघाली. काकांनी ती लिलावात घेतली आणि शिंदे की छावनीतल्या आमच्या सामाईक अंगणापर्यंत ढकलत आणली. "आम्ही दोघं सोबतच फेल झालो," ते हसून सांगत. "पण डाक मी कधी चुकवली नाही. एकदापण नाही." हे दुसरं वाक्य म्हणताना मात्र ते हसत नसत.

गाडी काही वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. मग नवं राज्य होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, असं ठरलं. वडील गेल्यापासून माझ्या कारकुनीवर आम्हा मायलेकींचं घर चालत होतं, आणि बदलीच्या यादीत माझंही नाव आलं. एकटी मुलगी परगावी कशी राहणार, म्हणून नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. आई रडायला लागली. काकांनी ताडपत्री ओढून काढली. "हिला स्टेशनवर मी पोचवणार. याच गाडीवर. वहिनी, बस, तुम्ही फिकर सोडा."

इंजिन त्यांनी उघडून साफ केलं. तारा मात्र उंदरांनी पार कुरतडल्या होत्या, आणि बाजारात मिळाली ती सगळी एकाच काळ्या रंगाची तार. म्हणून त्यांनी काकूंच्या जुन्या लुगड्यांचे काठ फाडले आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिंधी बांधली. लाल बॅटरीची, हिरवी दिव्याची, पिवळी भोंग्याची. अकरा तारा एकत्र गुंडाळून टाकीखालून नेल्या. टोकं तेवढी जोडायची राहिली होती, आणि मध्ये खंडेनवमी आली.

फौजी घरात त्या दिवशी शस्त्रांची पूजा व्हायची. तलवार केव्हाच सरकारजमा झाली होती, म्हणून काकांनी पूजेला गाडी मांडली आणि ते हार आणायला जयेंद्रगंजात गेले. "जरा पुसून काढ ग," काकू मला म्हणाल्या. पूजेच्या वस्तूला चिंध्या लोंबताहेत हे मला बघवेना. त्या कशासाठी आहेत हे विचारायचंही सुचलं नाही. सगळ्या कापून मी बंबात घातल्या, आणि वर गाडीला हळदकुंकवाची बोटं ओढली.

काका आले. तारेचं एक टोक हातात धरलं, मग दुसरं. "चिंध्या?"

मी बंबाकडे बोट दाखवलं. मला निघायला जेमतेम पंधरवडा उरला होता. आता हे ओरडणार, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी हार घातला, नारळ फोडला, सगळ्यांना प्रसाद वाटला आणि मगच बोलले. "आज औजाराला हात लावायचा नाही. उद्या दसरा. परवापासून तू माझ्यासोबत बसायचं."

मग रोज कचेरीतून आले की तेच काम. पुढच्या एका तारेला काका टॉर्चचा सेल लावत. मागच्या एकेका टोकाला मी बल्ब लावून बघायची; पेटला की तीच तार. "बोल!" "नाही." "बोल!" "नाही." एकदा कंटाळून मी अंदाजाने "पेटला" म्हणाले. त्या एका खोट्या होकारापायी आमच्या दोन संध्याकाळी वाया गेल्या. काका रागावले नाहीत. "तार खोटं नाही बोलत, बेटा. घाई तर आपल्यालाच असते." या खेपेच्या चिंध्या माझ्या साडीच्या होत्या.

निघायच्या सकाळी चार किक मारूनही गाडी ढिम्म. पाचव्या किकला अशी गरजली की आई रडायचं विसरून कानांवर हात ठेवून उभी राहिली. ट्रंक घेऊन ती टांग्याने आली; मी काकांच्या मागे बसून गेले. वाटेत ते उगाचच भोंगा वाजवत होते. डब्याच्या दारासमोर ताठ उभे राहून त्यांनी विचारलं, "पोच?" मी नुसती मान हलवली. त्या दिवशी त्यांनी मला बकरी म्हटलं नाही.

भोपाळला ठिकठिकाणच्या कचेऱ्यांचे गठ्ठे एकाच खोलीत येऊन पडले होते, बऱ्याच फायलींवरच्या चिठ्ठ्या प्रवासात गळलेल्या. मी एकेक कागद वाचत बसले. अंदाजाने कशावरही नाव घातलं नाही. त्या कामामुळे माझी नोकरी पक्की झाली, आईला आणता आलं. हे सगळं मला काकांनी दिलं, आणि त्यांना ते कधी सांगायचं राहूनच गेलं.

दोन वर्षांनी काका गेले. गाडी विकताना काकूंनी भोंग्याच्या तारेवरची पिवळी चिंधी सोडवून मला पाकिटातून पाठवली. पोस्टमनने पाकीट हातात दिलं. मी ते तिथेच उघडलं, आणि तो समोर उभा असतानाच तोंडाने म्हणाले, "मिळालं, काका."