अंतराळातला तांडेल

मला जपानी येतं असं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी तसं म्हटलं तर फक्त नाही म्हणत नव्हते. नातवंडांना हे आता पटत नाही, पण त्यांच्या आजीला तिशीत बी.ए.च्या पदवीचा फार माज होता.

झालं होतं असं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे यांच्या कारखान्यात जपानहून नवं यंत्र आलं आणि ते बसवायला एक इंजिनिअर आला. ठाण्याच्या कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो दोनदा जेवला. पाणी, भात, मासा, पुरे आणि आभार, एवढे पाच शब्द त्याने मला शिकवले. जाताना माझ्या लेकीसाठी एक व्हिडिओ कॅसेट दिली. वेष्टनावर चांदण्यांत तरंगणारं जहाज. तिकडचा जुना, नावाजलेला कार्टून पिक्चर आहे, असं त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

लेक तेव्हा तिसरीत. वर्गात तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता म्हणे. सोमवारी गोष्टीच्या तासाला तिची पाळी होती आणि बाईंनी बजावलं होतं, या वेळी बोलायचंच. तिने आठवडाभर धसका घेतला होता. मग कॅसेट आली आणि ती म्हणाली, "मी जपानची गोष्ट सांगते. आई मला अर्थ सांगेल." मी मान डोलावली. बघा माझी हिंमत!

रविवारी दुपारी भाड्याचा व्हीसीआर आला. मजल्यावरच्या बायका, पोरं, सगळी आमच्या बाहेरच्या खोलीत. दारात आमची मासेवाली मावशी, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, रिकामी पाटी शेजारी ठेवून बसलेली. कॅसेट लावली तर रंग गायब, आणि चित्र सारखं खालून वर पळतंय. तिकडची टेप इकडच्या यंत्राला मानवत नाही हे आम्हाला कुठलं ठाऊक! शेवटी हे टीव्हीच्या मागे जाऊन एक बटण धरून बसले, तेव्हा जहाज कसंबसं जागेवर थांबलं. यांनी पिक्चर पाहिलाच नाही, पूर्ण वेळ आमची तोंडं पाहिली.

"आई, जहाज कुठल्या रंगाचं आहे?"

"लाल," मी म्हणाले. का, ते मलाही माहीत नाही.

मी कान टवकारून माझ्या पाच शब्दांची वाट बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अंतराळात कुणी भात मागत नाही हो.

"वहिनी, काय म्हणतायत?" शेजारणीने विचारलं.

"तो दाढीवाला आहे ना, तो त्या लांब केसवालीचा सासरा."

कुणालाही नवल वाटलं नाही. आपल्याला नातं कळलं की अर्धी गोष्ट कळल्यासारखी वाटते. त्यात माझ्या सासूबाई गावाला गेलेल्या, त्यामुळे जीभ मोकळी. बघता बघता मी त्या जहाजावर सासरा, दोन मुलगे, सोशिक सून आणि लावालावी करणारी नणंद वसवली. यंत्रमानव घरगडी झाला. बायका चुकचुकत होत्या. "अगंबाई, तिकडेपण असंच?"

शेवटी जहाजाला आग लागली. दाढीवाल्याने सगळ्यांना एका छोट्या यानात बसवलं, बाहेरून दार लावलं आणि एकटा मागे राहिला.

"काढलं सुनेला घराबाहेर," मी जाहीर केलं.

लेक पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "मग तो हसतोय का?"

खरंच हसत होता. हातही हलवत होता.

"दुष्ट माणसं हसतात तशी."

"दुष्ट असं नाही हसत, आई."

दारातून मावशी कडाडली. "काय पन सांगतंस गो बाय! सासरा कसला? त्यो तांडेल हाय, होरीचा मालक. होरी बुडाया लागली का तांडेल आदी पोरांना दुसऱ्या होरीत घालतो. आपुन मागं ऱ्हातो. त्यो रडला तर पोरं जातील का? म्हनून हसतो."

"मावशी, तुम्हाला जपानी येतं?" कुणीतरी विचारलं.

"मना कशाला येतंय? मी त्यांची तोंडा बघत व्हते. तुमी हिचं ऐकत व्हते."

लेक आता माझ्याकडे वळली. "आई, तुला खरंच येतं ना? मला उद्या उभं राहायचंय."

'मीही तेच सांगणार होते' हे वाक्य जिभेवर अगदी तयार होतं. पण पोर आता पडदा सोडून माझं तोंड बघत होती.

"पाच शब्द येतात," मी म्हणाले. "आणि त्यातला एकही यात नाही."

आधी शेजारीण हसली. मग टीव्हीमागून हे इतके हसले की बटण सुटलं आणि तांडेल छताकडे पळाला. पुढे वर्षभर मजल्यावर कुणाकडे इंग्रजी पत्र आलं तरी हाक यायची, "वहिनी, जपानी आहे का बघा!"

कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. या खेपेला मी तोंडाला कुलूप घातलं, आणि काय काय दिसायला लागलं! जिला मी सोशिक सून केलं होतं, ती जहाज चालवत होती. पहिल्यापासून. सुकाणू तिच्याच हातात! आणि दार लावण्याआधी तांडेल तिच्या हातात काहीतरी घडी केलेलं ठेवतो, तेही मघाशी माझ्या बडबडीत निसटलं होतं.

"नकाशा असंल," मावशी म्हणाली.

"नाहीतर पत्र," लेक म्हणाली.

"घरच्यांना?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर माहीत नसलेला प्रश्न चारचौघांत विचारला असेन. संध्याकाळी व्हीसीआर परत गेला तरी आमचं ठरलं नव्हतं.

सोमवारी मी लेक पाण्याची बाटली विसरल्याचं निमित्त काढून शाळेत गेले आणि वर्गाच्या खिडकीखाली उभी राहिले. आत बाईंनी तिचं नाव पुकारलं. मग एक बारीक आवाज आला.

"या पिक्चरमध्ये काय बोलतात ते आमच्या घरात कुणालाच कळत नाही. आईलापण नाही. म्हणून मला दिसलं ते सांगते."

वर्ग हसला. मी पदर तोंडाला लावला. पण ती थांबली नाही. जहाज, आग, छोटं यान, हसणारा तांडेल, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "त्याने तिला घडी करून काहीतरी दिलं. काय असेल?"

नकाशा! चिठ्ठी! फोटो! बाकं वाजायला लागली. बाईंचा डस्टर टेबलावर आपटत होता, पण कोण ऐकतंय! आणि त्या सगळ्या कल्ल्याच्या वर माझी लेक ओरडली, "अरे, एकेकाने बोला ना!"